सोलापूरची देवळे : उन्हातली, पावसातली, पाण्याखालची

मराठीतले मंदिरविषयक लेखन सलग वाचत गेले की एक गोष्ट हळूहळू लक्षात येते. या लेखनात पाऊस पडत नाही आणि ऊनही लागत नाही. तलविन्यास असतो, स्तंभांचे प्रकार असतात, चालुक्य-यादव-शिलाहार अशी राजकुळांची नावे असतात, बाह्यभिंतीवरील सुरसुंदरींची ओळखपरेड असते. मात्र हे देऊळ कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या प्रहरी पाहिले, पायाखालचा दगड किती तापला होता, छतातून पाणी गळत होते की नाही, याचा उल्लेख बहुधा नसतो. फार तर लेखाच्या शेवटी ‘ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ भेटीसाठी उत्तम’ अशी एक सूचना येते. म्हणजे ऋतू ही प्रवाशाची सोय-गैरसोय ठरते. देवळाच्या इतिहासाशी तिचा काही संबंध असेल असे लेखकाला वाटत नाही. मला तो संबंध फार जवळचा वाटतो, आणि तो पाहायला सोलापूर जिल्ह्याइतकी चांगली जागा दुसरी क्वचितच असेल.

ही सवय आपल्याला लागली कशी? एक कारण उघड आहे. आपल्याकडील देवळांची शास्त्रीय पाहणी सुरू झाली ती पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागाकडून. जेम्स बर्जेस आणि हेन्री कझिन्स यांनी मुंबई इलाख्यातील प्राचीन अवशेषांची सुधारित यादी १८९७ मध्ये प्रसिद्ध केली. दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरचा कझिन्सचा ग्रंथ १९३१ मध्ये आला, आणि आजही आपल्या प्रबंधांची संदर्भसूची त्याच्यावाचून पुरी होत नाही. या मंडळींचे दौरे थंडीत होत. पाऊस लागला की तंबू गुंडाळायचे, कचेरीत बसायचे आणि हिवाळ्यात घेतलेल्या मापांवरून आराखडे काढायचे, असा वर्षाचा क्रम होता. त्यात गैर काहीच नव्हते. मात्र त्यामुळे देवळाची जी प्रतिमा छायाचित्रांतून आणि नकाशांतून कायम झाली ती हिवाळ्यातली कोरडी प्रतिमा आहे. आपण तिलाच देवळाचे स्वरूप मानून चाललो. ज्या वास्तूची रचनाच ऊन आणि पाऊस यांना उत्तर म्हणून झाली, तिचे वर्णन त्या दोघांना वगळून करू लागलो.

मराठी गद्याच्या आरंभी हे असे नव्हते. लीळाचरित्रातील देऊळ हे पाहायचे स्थळ नाही, ते उतरायचे ठिकाण आहे. श्रीचक्रधर गावोगाव हिंडतात आणि देवळात, मठात, गुंफेत राहतात. पैठणला भोगनारायणाच्या देवळातले त्यांचे वास्तव्य प्रसिद्धच आहे. तिथे निजणे आहे, जेवणे आहे, भक्तजनांशी बोलणे आहे. पुढे चौदाव्या शतकात मुनिव्यासाने जी स्थानपोथी सिद्ध केली आणि वि. भि. कोलते यांनी जी संपादून प्रसिद्ध केली, तिच्यात तर देवळांची नोंद जवळजवळ भूमापकाच्या काटेकोरपणे येते. दार कोणत्या दिशेला, पटिसाळ कुठे, अंगण कसे, स्वामी नेमके कुठे बसले होते. जेथे काही दिवस राहणे झाले ते अवस्थान, जेथे रात्र काढली ती वसती, जेथे थोडा वेळ बसणे झाले ते आसन, असे शब्दही ठरलेले आहेत. या पोथीला शिल्पशैलीशी कर्तव्य नाही. पण दाराची दिशा आणि पटिसाळेची बाजू सांगणाऱ्या वाक्यातून सकाळचे ऊन कुठून आत येत असेल आणि झड कुठवर पोचत असेल हे आपोआप कळते. ज्याने देवळात रात्री काढल्या त्यांचे स्मरण जपण्यासाठी लिहिलेला हा ग्रंथ आहे. दोन तासांत देऊळ ‘करून’ पुढच्या गावाला निघालेल्या माणसाचे लेखन यापेक्षा वेगळे होणारच.

आता सोलापूरकडे येतो. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला जेवढा पाऊस पडतो त्याचा सुमारे दहावा हिस्सा या जिल्ह्याच्या वाट्याला येतो. वर्षाची सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास. तोही जून-जुलैत हात राखून आणि सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर, मन मानेल तसा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांपर्यंत जाणे ही इथे बातमी नसते. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. या मातीवर दगडी देऊळ उभे करायचे म्हणजे दरवर्षी श्वास घेणाऱ्या पायावर ते उभे करायचे. जुन्या देवळांत फरसबंदी वरखाली झालेली, एखादा खांब कललेला, तुळईला मधोमध तडा गेलेला दिसतो, तेव्हा आपण सवयीने एखाद्या स्वारीचे नाव घेतो. मूर्तींचे नाक-हात फोडणारे लोक इतिहासात होऊन गेले हे खरे. पण खांब कलण्याच्या पुष्कळ घटनांमागे केवळ माती आणि पाणी असते, आणि त्याची बखर कोणी लिहिलेली नसते.

सोलापूरच्या दक्षिणेला, भीमा आणि सीना यांच्या संगमावर, हत्तरसंग कुडल हे गाव आहे. ‘कूडल’ या कन्नड शब्दाचा अर्थच संगम; त्यामुळे ‘कुडल संगम’ म्हणताना आपण दोन भाषांत एकच गोष्ट सांगत असतो. ही द्विरुक्ती या सीमाभागाच्या स्वभावाला शोभून दिसते. याच नावाचे, अधिक ख्यातनाम असे दुसरे क्षेत्र कर्नाटकात कृष्णा-मलप्रभेच्या संगमावर आहे. बसवेश्वरांच्या वचनांतील देवाचे नाव तेच. तिथले बसवेश्वरांचे ऐक्यस्थळ नारायणपूर धरणाच्या फुगवट्यात आल्यामुळे त्याभोवती विहिरीसारखी भिंत बांधावी लागली. संगमावरच्या देवळांचे प्राक्तन पाण्याशी असे जोडलेले असते.

आपल्या कुडलला दोन देवळे आहेत, संगमेश्वर आणि हरिहरेश्वर. पहिले उभे राहिले, दुसरे मातीच्या ढिगाऱ्याखाली गेले. तो ढिगारा उपसण्याचे काम १९९९ च्या सुमारास झाले आणि त्यातून दोन गर्भगृहांचे हरिहरेश्वर मंदिर आणि एका शिवलिंगावर कोरलेली ३५९ मुखे बाहेर आली. आज जे लोक कुडलला जातात ते मुख्यतः हे बहुमुखी लिंग पाहायला. माझे मन मात्र दरवेळी संगमेश्वराच्या तुळईकडे जाते. तिच्यावर शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा, दोन-अडीच ओळींचा लेख आहे. सोलापुरात राहून आयुष्यभर शिलालेखांच्या मागे हिंडलेले संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्याच्या शेवटच्या मराठी वाक्याचा अर्थ ‘जो हे वाचील तो विजयी होईल’ असा केला जातो. श्रवणबेळगोळचा लेख आधीचा की हा, अक्षीच्या लेखातील शक कोणता धरायचा, हे वाद अभ्यासकांना ठाऊक आहेत आणि ते इथे उकरण्याचे कारण नाही. एवढे पुरे की, हजार वर्षांपूर्वीच्या, शक नोंदवलेल्या अगदी मोजक्या मराठी वाक्यांपैकी एक वाक्य वाचकाविषयी आहे. त्यात वाचनाचे फळ सांगितले आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याला याहून मोठे आमंत्रण कोणते असू शकेल!

पण ते वाचायचे कधी? तुळई डोक्यावर, मंडप अंधारा, अक्षरे उथळ. भर दुपारी बाहेरच्या लखलखाटातून आत आलेल्या डोळ्यांना पहिली काही मिनिटे काहीच दिसत नाही, आणि दिसू लागते तोवर गटातील अर्धे लोक बसकडे परतलेले असतात. शिलालेख वाचायला तिरपा उजेड लागतो, कारण अक्षर दिसते ते त्याच्या सावलीमुळे. सकाळची वा संध्याकाळची घडी साधावी लागते, नाहीतर विजेरी आडवी धरून एकेक अक्षर जागवावे लागते. ठसा घेण्याचे काम तर पूर्णपणे हवेच्या मर्जीवर. दगड घासून स्वच्छ करायचा, भिजवलेला कागद त्यावर चिकटवायचा, ब्रशने ठोकून अक्षरांच्या खोलगटात बसवायचा, आणि तो अर्धवट सुकला की शाईच्या बोंड्याने हलके टिपायचे. मे महिन्यात कागद शाई लावण्याआधीच वाळून सुटतो. श्रावणात तो वाळतच नाही आणि शाई फुटते. त्यात लेख छताच्या तुळईवर असला तर कागद पडू न देण्याची कसरत वेगळीच. आपल्या हाती आलेल्या प्रत्येक जुन्या वाचनामागे अशी एक जमलेली हवा आहे. छापील ग्रंथात ती दिसत नाही. एखाद्या लेखाची दोन अभ्यासकांनी दोन वाचने का दिली याचा विचार करताना आपण त्यांचे व्याकरण तपासतो; त्यांना त्या दिवशी उजेड कसा मिळाला होता हे विचारायला आता कोणी उरलेले नसते. (अक्षरांवर पीठ किंवा खडू फासून छायाचित्रे काढण्याची जी नवी हौस आली आहे, ती पाहून मात्र अंधारच बरा वाटतो.)

कुडलच्या पाण्याविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. इथे मिळणाऱ्या दोन नद्या दोन स्वभावांच्या आहेत. भीमेचा उगम भीमाशंकरला, सह्याद्रीच्या पावसात. तिकडे संततधार लागली आणि उजनी-वीरमधून पाणी सुटले, की कुडलला आकाश कोरडे ठणठणीत असतानाही नदी चढते. शेतकरी पावसाची वाट पाहत असतो आणि त्याच्या बांधाशी पूर येऊन उभा असतो. सीनेचे तसे नाही. ती अहिल्यानगरकडून येते, पर्जन्यछायेच्या प्रदेशातून वाहते आणि एरवी रोडावलेली असते. पण परतीचा पाऊस बिथरला की तिचे रूप ओळखू येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेने जिल्ह्यातल्या गावांची आणि महामार्गांची काय दशा केली ते ताजेच आहे. एक नदी परमुलखातला पाऊस आणते, दुसरी आपल्याच मुलखातला. अशा संगमावर अकराव्या शतकात ज्यांनी देऊळ बांधले त्यांना पूर ठाऊक नव्हता असे कोण म्हणेल? त्यांनी तो धरून बांधले. संगमावरचे क्षेत्र पवित्र असते ते पाण्याच्या जवळिकीमुळे, आणि त्या जवळिकीची किंमत गाळाच्या रूपाने द्यावी लागते. ढिगाऱ्याखाली गेलेल्या देवळाचे शिल्प उघड्यावरच्या शिल्पापेक्षा पुष्कळदा अधिक ताजे राहते, कारण मातीत त्याला ना ऊन लागते ना झड. गाडले जाणे हा एका परीने विमाच होय. विमा वसूल झाल्यावर, म्हणजे देऊळ उकरल्यावर, त्याचे खरे वृद्धत्व सुरू होते, हे उत्खननाच्या आनंदात आपण विसरतो.

हरिहरेश्वराला स्वर्गमंडप आहे. मधोमध छत नसलेला, वर्तुळाकार उघड्या आकाशाचा मंडप. याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण म्हणजे कृष्णाकाठच्या खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर. सुमारे तेरा फूट व्यासाचे ते गोल आकाश आणि त्याच्या बरोबर खाली बसवलेली गोल शिला पाहायला दुरून लोक येतात. होमाचा धूर वर जावा म्हणून अशी रचना केली, असे तिथे सांगितले जाते. ते खरे असेलही. पण त्या मंडपात पावसाळी दुपार काढली की दुसरेच काही जाणवू लागते. देवळाचा उरलेला सगळा भाग पावसाला बाहेर ठेवण्यासाठी धडपडत असतो. छज्जा पुढे काढलेला असतो, म्हणजे भिंतीवरून पाणी ओघळू नये. अधिष्ठान उंच असते, म्हणजे चिखल उडू नये. गाभाऱ्यातले अभिषेकाचे पाणीसुद्धा मकरमुखातून शिस्तीने बाहेर जाते. आणि या एवढ्या एका जागी स्थपती छत काढून घेतो आणि पावसाला म्हणतो, ये. भोवतीच्या खांबांच्या गर्दीत आपण कोरडे उभे असतो आणि हाताच्या अंतरावर पावसाचा एक गोल खांब उभा राहतो. उन्हाळ्यात त्याच जागी उन्हाचे वर्तुळ जमिनीवरून सरकत जाते आणि ज्याला घड्याळ नाही त्याला प्रहर सांगते. हिवाळ्यातल्या छायाचित्रात ही जागा म्हणजे छताला पडलेले एक सुबक भोक असते. खिद्रापूरला २००५ आणि २०१९ साली कृष्णेचे पाणी शिरले, तेव्हा वरून आणि खालून अशा दोन्ही वाटांनी देऊळ भिजले.

सोलापूर शहराचे दैवत ते स्वतःच पाण्याच्या कामातून उभे राहिले आहे. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धराम यांनी सोन्नलिगे नगरीत तलाव खोदवला, अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, कन्नडमध्ये वचने रचली; पुढे राघवांक या कन्नड कवीने त्यांचे चरित्रकाव्य लिहिले. कथेचा आरंभच दाहापासून होतो. गुरे राखणाऱ्या बाळ सिद्धरामाकडे मल्लय्या जंगमाच्या वेशात येतो, शेतातला भाजलेला हुरडा खातो, पोटात आग पडली म्हणतो आणि ती शमवायला दहीभात मागतो. मूल दहीभात घेऊन परत येते तो मल्लय्या नाहीसा झालेला. त्याला शोधत सिद्धराम श्रीशैलापर्यंत जातात. ज्या मुलखात मे महिना कसा असतो हे ज्याने भोगले आहे, त्याला ही कथा कुणीकडून सुचली असेल हे सांगावे लागत नाही. पुढे त्या सिद्धरामांनी तलाव खोदला, आणि आज सिद्धेश्वराचे देऊळ त्या पाण्याच्या मधोमध आहे. भुईकोट किल्ल्याच्या एका अंगाचे रक्षणही तोच तलाव करीत आला.

या तलावाच्या काठावर शरण साहित्यातला एक विलक्षण प्रसंग घडतो. अल्लमप्रभू सोन्नलिगेला येतात. खोदकाम चाललेले असते. ‘तुमचा तो वड्डर राम कुठे आहे?’ अशा आशयाचा प्रश्न ते मजुरांना करतात. गुरूचा असा उल्लेख ऐकून मजूर खवळतात आणि दगड भिरकावतात. पुढे सिद्धराम आणि अल्लम यांचा जो संवाद होतो, त्याचा गाभा हा की तळी खोदणे, देवळे बांधणे, लिंगे स्थापणे यांत अडकलेला माणूस मुक्त कसा म्हणावा? अल्लमांचा प्रश्न तात्त्विक दृष्ट्या बिनतोड आहे. सिद्धरामांनी तो मानला, ते कल्याणला गेले, अनुभवमंटपात बसले. पण सोलापूरकरांनी आठशे वर्षे लक्षात ठेवले ते तलाव खोदणारे सिद्धराम. कोरड्या मुलखातल्या लोकांनी हा निवाडा दिला आहे, आणि मला तो तत्त्वज्ञानापेक्षा कमी दर्जाचा वाटत नाही. मराठीच्या पदव्युत्तर वर्गात हा प्रसंग शिकवला जात नाही, कारण तो कन्नडमध्ये आहे. आणि सोलापूरची यात्रा मात्र आपण ‘आपली’ म्हणतो. संक्रांतीच्या सुमारास नंदीध्वज निघतात आणि अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा होते. हाही ऋतूचाच हिशेब. अनवाणी, खांद्यावर नंदीध्वज पेलत, साऱ्या शहराभोवती चालायचे असेल तर ते जानेवारीतच शक्य आहे.

मे महिन्यात काय होते ते कोणत्याही दगडी प्राकाराच्या देवळात पाहता येते. काळा बेसाल्ट सकाळभर ऊन पितो आणि अकरानंतर पायाला चटके देऊ लागतो. पुजारी तरटाच्या पट्ट्या अंथरतात, त्यांवर पाणी शिंपडतात. लोक त्या पट्टीवरून उड्या मारीत सभामंडपात शिरतात आणि गारव्यात हुश्श करतात. दर्शन होते, प्रदक्षिणा राहते. प्रदक्षिणा राहिली म्हणजे बाह्यभिंत राहिली, आणि आपल्याकडच्या शिल्पांचा मोठा भाग बाह्यभिंतीवर असतो. माळशिरस तालुक्यातील वेळापूरचे हरनारेश्वराचे, म्हणजेच अर्धनारी नटेश्वराचे देऊळ, तिथले कुंड आणि यादव रामचंद्राच्या काळातले मराठी लेख हे सगळे नीट पाहायला निदान अर्धा दिवस हवा. उन्हाळ्यातला पाहुणा तिथे वीस मिनिटे काढतो. पावसाळ्यात तोच दगड ओला होऊन गर्द काळा होतो, कोरड्यात करडी दिसणारी कोरीव रेघ उठून दिसते, ढगांमुळे डोळे दिपत नाहीत. शिल्प पाहायला याहून चांगला उजेड नाही. फक्त चिखल तुडवायची तयारी लागते.

वेळापूर हा ज्ञानेश्वरांच्या पालखीचा मुक्काम. संन्याशांनी, यतींनी, बौद्ध आणि जैन मुनींनी पावसाचे चार महिने एका जागी राहावे, हा या देशाचा जुना नियम. वाटा बुजतात, नद्या अडवतात, पायाखाली जीव चिरडतात. वारकऱ्याचे चालणे नेमके या चार महिन्यांच्या तोंडावर येते. आषाढी शुद्ध एकादशीला चातुर्मास लागतो, कार्तिकीला संपतो, आणि दोन मोठ्या वाऱ्या या दोन टोकांना आहेत. संन्यासी थांबतो त्या वेळी गृहस्थ निघतो. तो पेरणी करून, किंवा पेरणीची चिंता बरोबर घेऊन निघतो. आळंदी-पुण्याकडे भिजलेली पताका सोलापूर जिल्ह्यात शिरता शिरता पुष्कळदा वाळते, आणि माळशिरसच्या पुढे वारकरी आकाशाकडे पाहत चालतात. लाखो माणसे वेळापुरातून जातात. त्यांच्यातले फार थोडे हरनारेश्वराची शिल्पे निरखीत असतील, आणि त्यांनी ती निरखावीत अशी अपेक्षा करणे हा आपल्या व्यवसायाचा अहंकार ठरेल. पण पाऊसपाण्याशी देवाचे नाते काय, हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक कळते. पंढरपुरात पुंडलिकाचे देऊळ वाळवंटात, ऐन नदीच्या पात्रात आहे. चंद्रभागेला पूर आला की ते पाण्यात जाते, ओसरला की वर येते, आणि त्यात कोणाला अघटित वाटत नाही.

पाऊस आत येणे ही अडचण झाली ती देवळाची देखभाल सुटल्यावर. चुन्याशिवाय, दगडावर दगड बसवून रचलेल्या या वास्तूंच्या छतावर विटा-चुन्याचा जाड थर असे आणि तो वेळोवेळी दुरुस्त करावा लागे. वतने गेली, कारागीर पांगले, थर फुटला. सांध्यात माती साचली, तीत पक्ष्यांनी टाकलेले पिंपळाचे बी रुजले, मुळांनी दगड अलग केले. मग गावाने वर्गणी काढली आणि छतावर सिमेंटचा कोबा घातला, भिंतींना तैलरंग फासला. यावर नागर मंडळी नाक मुरडतात. पण गळणाऱ्या छताखाली रोज पूजा करणाऱ्या माणसाला शास्त्रशुद्ध चुना कुठे मिळतो, तो कोण घालून देतो, हे त्यांनी सांगितलेले मी ऐकले नाही. सिमेंटने हानी होते हे खरे. आत शिरलेली ओल बाहेर पडायला वाट उरत नाही, उन्हाने दगड आणि सिमेंट वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, भेग पडते आणि पाणी पुन्हा आत येते. ही हानी श्रद्धेच्या अतिरेकातून झालेली नाही. ती पावसावरचा घाईचा उपाय आहे. मंदिराच्या वर्णनात पावसाला जागा दिली असती तर छताच्या थराचीही नोंद झाली असती, आणि ज्ञान कदाचित सांधेजोडीच्या वेळी हाताशी राहिले असते.

सर्वांत अवघड प्रश्न पळसदेवला पडतो. भीमेवरचे उजनी धरण माढा तालुक्यात. १९८० मध्ये ते पुरे झाले आणि त्याचा फुगवटा पुणे-अहिल्यानगरच्या हद्दींत दूरवर पसरला. इंदापूर तालुक्यातील जुने पळसदेव त्यात गेले. गाव वर हलले, पळसनाथासाठी नव्या गावात नवे देऊळ झाले. जुने देऊळ पाण्यातच राहिले. ज्या वर्षी धरण तळाला जाते त्या वर्षी त्याचे विटांचे शिखर, मग मंडप, मग भोवतीचे वीरगळ पाण्याबाहेर येतात. २०२४ च्या उन्हाळ्यात असेच झाले. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली, सुटीच्या दिवशी पुण्या-सोलापूरहून मोटारी आल्या, भेगाळलेल्या गाळावरून चालत लोक देवळापर्यंत गेले. याच आठवड्यांत जिल्ह्यातल्या किती गावांत टँकरची वाट पाहिली जात होती! एरवी पाणी असताना होडीतून शिखर तेवढे दिसते. म्हणजे दुष्काळ जितका कडक तितके दर्शन पुरते. अभ्यासकासाठीही हीच संधी असते. मापे घ्यायची, वीरगळ मोजायचे, लेख शोधायचे तर याच उन्हात, कारण मृगाचा पाऊस घाटमाथ्यावर बरा पडला की हे सारे पुन्हा बुडायचे. तिथे जाऊ नये असे मी म्हणत नाही. मी गेलो असतो आणि जाईनही. पण तिथल्या नोंदवहीत देवळाच्या मापांशेजारी धरणातल्या साठ्याचा त्या दिवशीचा आकडा लिहिला जावा. शिल्पांची झीज वर्षागणिक मोजायची तर ते देऊळ किती दिवस उघडे होते आणि किती दिवस पाण्याखाली, हे ठाऊक असावेच लागेल.

त्या गर्दीत पळसदेवचे जुने रहिवासीही असतात. शहरातून आलेली माणसे मंडपाच्या खांबांची छायाचित्रे घेत असतात. हे लोक मात्र देवळाकडे पाठ करून गाळात बोट दाखवीत आपल्या मुलांना सांगत असतात, वेस इथे होती, आड तिथे होता, आपला वाडा त्या बाभळीच्या खुंटापाशी. देव तर वरच्या गावातच असतो.